चित्रातला फणस एसटीत कसा चढवायचा: मुलांच्या चित्रपुस्तकावरून घरादाराने बघायचा विनोदी सिनेमा

दर एप्रिल-मेमध्ये कोणीतरी ओळखीतलं माणूस मला मुलांचं एखादं चित्रांचं पुस्तक पाठवतं आणि खाली एक व्हॉइस मेसेज, "अरे ह्याच्यावर मस्त फॅमिली कॉमेडी होईल, कोकणात शूट करू, दोन कॉमेडियन घेऊ, झालं." मी सिंधुदुर्गात राहतो, पटकथा लिहितो, बाहेरून येणाऱ्या युनिटना लोकेशनपासून फणसापर्यंत सगळं जमवून देतो, त्यामुळे हे "झालं" कसं होतं ते जवळून बघितलंय आणि बहुतेक वेळा कसं होत नाही ते पण बघितलंय. म्हणून एकदाच लिहून काढतोय, पुढच्या वेळी कोणी पुस्तक पाठवलं की हेच फॉरवर्ड करणार.

उदाहरणाला एक पुस्तक धरू. दुकानात शोधू नका, मी आत्ता बसल्या बसल्या रचलंय. चोवीस पानं. देवगडकडची एक वाडी, नऊ वर्षांची मुलगी, आजी तिला सांगते हा फणस कुडाळला आत्याकडे पोचव. मुलगी फणस घेऊन निघते, एसटीत बसते, कणकवलीला गाडी बदलते, पोचते. मजकूर एवढाच, साधा सरळ, मोठ्याने वाचला तर सहा मिनिटं. पण चित्रांत प्रत्येक पानावर फणस थोडा थोडा मोठा होत जातो. पहिल्या पानावर तिच्या काखेत मावतोय, शेवटच्या पानावर एसटीच्या टपावर बसलाय आणि एसटीची पुढची चाकं हवेत. आणि मजकुरात फणस वाढतोय म्हणून एक शब्द नाही.

पोरं ह्यालाच हसतात. मजकूर गंभीर चेहरा करून एक सांगतोय, चित्र त्याच्या पाठीमागे भलतंच दाखवतंय. आणि सिनेमावाले नेमके इथेच आपटतात, कारण त्यांना वाटतं आपल्याला फणस मोठा करायचाय, लगेच व्हीएफएक्सवाल्याला फोन. अहो फणस नाही मोठा करायचा. खऱ्या माणसांच्या सिनेमात कॉम्प्युटरने फुगवलेला फणस बघून कोणी हसत नाही, "इफेक्ट बरा केलाय" एवढंच म्हणतात. पुस्तकात शब्द आणि चित्र यांच्यात जी फट असते ती सिनेमात माणसं बोलतात काय आणि वागतात काय ह्याच्यात आणायची. सगळ्या कामाचा गाभा हाच, बाकी खाली जे लिहिलंय ते म्हणजे ही फट बुजू न देण्यासाठीची खटपट.

ह्याची शाळा आपल्याकडे शेकडो वर्षं आहे, फक्त आपण तिकडे फिरकत नाही. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी आहे, परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली. रामायण-महाभारतातल्या एकेका कथेची सुटी चित्रं, त्या गठ्ठ्याला पोथी म्हणतात, आणि समोर बसून एकेक चित्र दाखवत गोष्ट गायची-सांगायची. चित्र हलत नाही, आवाज हलतो. तिथे जाऊन एकदा बसा आणि फक्त हे बघा की सांगणारा चित्र कधी पालटतो. वाक्य संपल्यावर पालटलं तर एक परिणाम, वाक्य अर्ध्यात असताना पालटलं तर वेगळाच. तुमच्या एडिटरला पण घेऊन जा, पुस्तकाचं पान उलटणं म्हणजेच आपला कट, आणि विनोदाचा टायमिंग तिथेच असतो.

पहिले आठ दिवस लिहायचं नाही

पुस्तक पाच-सहा पोरांच्या हातात द्या आणि गप्प बसा. वाचून दाखवू नका. बोट कुठे जातं ते बघायचं. मुलं मजकुरावर बोट ठेवत नाहीत, चित्राच्या कोपऱ्यात ठेवतात, "ही मांजर बघ, मागच्या पानावर पण होती". अशी जी जी जागा असेल तिथे पेन्सिलीने खूण. मोठ्या माणसांना विचारलं तर ते पुस्तकाचा संदेश सांगतात, तो काही कामाचा नाही.

मग पुस्तक उघडून जोडपानं मोजा, डावं-उजवं मिळून एक. चोवीस पानी पुस्तकात नावाचं पान वगैरे सोडलं तर दहा-अकरा जोडपानं उरतात, परदेशी चित्रपुस्तकं बहुतेक ३२ पानांची असतात म्हणून तिथे थोडी जास्त. (पानं ८ किंवा १६ च्या पटीत येतात कारण छपाईचा मोठा कागद घडी घालून तेवढीच पानं निघतात, लेखकाची मर्जी नसते ती.) प्रत्येक जोडपानासाठी एक कार्ड. वर लिहायचं शब्द काय म्हणतात, खाली लिहायचं चित्र काय दाखवतं. दोन्हीकडे तेच असेल तर ते कार्ड सिनेमात जवळपास निरुपयोगी. दोन्हीत भांडण असेल ती कार्डं भिंतीला लावा.

हक्क, आणि चित्रकार विसरू नका

हा भाग कंटाळवाणा आहे पण आमचं एकदा इथेच घोडं अडलं. लेखिकेची लेखी परवानगी घेतली, हार-नारळ करून तयारी सुरू केली, आणि मग कळलं की चित्रं काढणाऱ्याला कोणी विचारलंच नाही. आमच्या सिनेमातली अर्धी गंमत त्याच्या चित्रांतून उचललेली. तीन महिने गेले त्यात.

कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे आणि त्यात मजकूर ही एक कृती आणि चित्र ही दुसरी कृती. दोघांची परवानगी वेगळी, कधी दोन्ही हक्क प्रकाशकाकडे असतात, कधी नसतात, विचारायलाच लागतं. करार लेखी आणि सहीचा पाहिजे. त्यात मुदत लिहिली नाही तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत धरतात, आणि सगळ्यात मोठी मेख म्हणजे हक्क घेऊन १ वर्षात वापरले नाहीत तर करारात वेगळं काही ठरवलेलं नसल्यास ते परत जातात. सिनेमाला वर्षभरात फायनान्सर सुद्धा सापडत नाही, तेव्हा करारात हे आधीच लिहून घ्या.

जुनं पुस्तक असेल तर हिशोब असा की लेखक गेल्यानंतरच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे त्यांचं लेखन १ जानेवारी २०११ पासून सगळ्यांना मोकळं. पण त्याच पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत कोणी नवी चित्रं काढली असतील तर ती मोकळी नाहीत हां.

पैसे अजिबात नसतील तर प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर बघा, मुलांच्या चित्रगोष्टींची वेबसाइट आहे ती, २०१५ पासून आहे, मराठीत पण भरपूर गोष्टी आहेत. तिथली बरीच पुस्तकं सीसी बाय ४.० परवान्याखाली असतात, म्हणजे लेखक-चित्रकाराचं नाव स्पष्ट द्यायचं, आपण बदल केलेत हे सांगायचं, आणि मग रूपांतर करता येतं, व्यावसायिक सुद्धा. ज्या पुस्तकावर काम करणार त्याच्यावर नेमका कुठला परवाना छापलाय ते मात्र स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.

सहा मिनिटांचे नव्वद कसे करायचे

ताणून नाही. हे पहिलं. चिवडा कमी असला की त्यात मुरमुरे घालतात तसे गाणी, स्वप्नं आणि पाठलाग घालतात लोक, आणि पोरं बरोबर त्या वेळी पॉपकॉर्न मागतात.

परदेशात ह्या कामाची दोन उदाहरणं मला पटतात. १९७२ चं अलेक्झांडरच्या भयंकर वाईट दिवसाचं पुस्तक, ते एकट्या मुलाच्या वाईट दिवसाचं आहे, २०१४ च्या सिनेमात तोच वाईट दिवस त्यांनी अख्ख्या घराला वाटून दिला, आई, बाबा, भाऊ, बहीण सगळे खड्ड्यात. आणि १९८१ चं जुमानजी, पुस्तकात फक्त दोन मुलं आणि पटाचा खेळ, १९९५ च्या सिनेमात त्या खेळात २६ वर्षं अडकून पडलेला एक मोठा माणूस घातला. दोन्हीकडे युक्ती तीच, मुलाची अडचण मोठ्या माणसाच्या गळ्यात पण अडकवायची. फॅमिली कॉमेडीत फॅमिली म्हणजे प्रेक्षकांतली नाही, आधी पडद्यावरची.

आता आपला फणस. फणस वाढतो म्हणजे खऱ्या आयुष्यात काय वाढतं? कोकणात राहणाऱ्याला हे सांगायची गरज नाही. ओझं वाढतं! पोरगी फणस घेऊन पाणंदीतून निघाली की पहिल्याच गडग्यावरून (दगडी कुंपणावरून) आवाज, "खंय चललंस गो?" "कुडाळाक, आत्येकडे." "मगे ह्यां पण घेवन जा." कुळथाची पिशवी. पुढच्या घरातून लग्नपत्रिका. पुढे एका काकांचा दुरुस्तीचा रेडिओ. मग आजीच्या मैत्रिणीचा चष्मा, आणि साकव (ओढ्यावरचा लहान पूल) ओलांडताना कोणीतरी एक जिवंत कोंबडा, पाय बांधलेला. आणि प्रत्येक जण काय म्हणतो, "एवढांसांच तर आसा". बघा, शब्द म्हणतात एवढंसं, चित्र म्हणतं डोंगर. पुस्तकातली फट जशीच्या तशी आली आणि एक रुपयाचा इफेक्ट नाही.

मग भिंतीवर दोन रकाने. डावीकडे कोणी काय दिलं, उजवीकडे ते परत कुठे आलं. प्रत्येक दिलेली वस्तू परत आलीच पाहिजे आणि जमलं तर चुकीच्या माणसाकडे चुकीच्या वेळी. रेडिओ एसटीत आपोआप सुरू होतो नि त्यात बातम्या लागतात आणि कंडक्टर तिकीट फाडायचं सोडून ऐकत बसतो. चष्मा आत्याच्या नाकावर जातो आणि त्यामुळे ती लग्नपत्रिका पहिल्यांदा नीट वाचते. उजवा रकाना रिकामा राहिला की ती वस्तू कापा, कितीही गोड असली तरी.

आणि मोठ्या माणसांची गोष्ट कुठून आणायची? बाहेरून आणू नका, चित्राच्या मागच्या बाजूला शोधा. माझ्या ह्या पुस्तकात समजा तिसऱ्या पानावर झाडामागे दोन पुरुष एकमेकांकडे पाठ करून बसलेत, मजकुरात त्यांचा उल्लेख नाही. चित्रकाराने जागा भरायला काढले असतील. पण मला तिथे दोन भाऊ दिसतात, फणसाचं झाड नेमकं दोघांच्या हद्दीवर, सातबारावर पंचवीस नावं, आणि गेली आठ वर्षं त्या झाडाचा एकही फणस कोणी शांतपणे खाल्लेला नाही. म्हणजे आजीने नातीच्या काखेत जो फणस दिलाय तो चोरीचा आहे का हक्काचा हे कोणालाच माहीत नाही! आता फणसाच्या मागे बाप आणि काका दोघंही निघणार, एकाच रिक्षात, न बोलता. पोरीला ह्यातलं काही माहीत नाही, तिला फक्त पोचायचंय. मुलाला हवं असतं एक, मोठ्यांना हवं असतं दुसरंच, आणि दोघांना वाटतं आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय.

निवेदनाचा मोह सगळ्यांना होतो, पुस्तकातली वाक्यं छान असतात, मग कोणातरी ज्येष्ठ नटाच्या आवाजात ती मागे लावतात आणि पडद्यावर पण तेच दिसतं. आवाज म्हणतो मुलगी निघाली, मुलगी निघते. मेला विनोद. पुस्तकाची वाक्यं ठेवायचीच असतील तर पात्राच्या तोंडात घाला आणि खोटी पाडा. आमच्या आजीला मोबाईलची रेंज फक्त गडग्यावर चढल्यावर येते, ती तिथे उभी राहून मुंबईच्या लेकाला सांगतेय, "काय नाय रे, सगळां बरा आसा, चेडू गेला सुद्धा," आणि तिच्या मागे चेडू (पोरगी) एका कोंबड्याच्या मागे खळ्यात (अंगणात) गोल गोल पळतंय. एकच शॉट, कॅमेरा हलवायचा नाही.

पटकथेचं एक पान म्हणजे एक मिनिट हा हिशोब देवनागरीत आणि त्यातून मालवणी संवादात पक्का धरू नका, आपली माणसं भरभर बोलतात आणि मध्येच गप्प बसतात. घड्याळ लावून मोठ्याने वाचा, एका बैठकीत. ८० ते ९० मिनिटांच्या वर मुलांचा सिनेमा नेऊ नये असं माझं मत आहे, ह्यावर माझी बऱ्याच दिग्दर्शकांशी भांडणं झालीत.

हसवायचं कोणी

दोन कॉमेडियन घेऊ म्हणणाऱ्यांसाठी. मुलांच्या सिनेमात मोठे नट डोळे फिरवून, तोतरं बोलून, धोतर सुटून पडून दाखवतात आणि त्यांना वाटतं पोरं खूश. दशावतार बघा रात्रभर बसून, कार्तिकी पौर्णिमेनंतर जत्रा सुरू होतात तेव्हा. लिहिलेली संहिता नसते, कथानक ठरतं आणि संवाद रंगमंचावर उभे राहून. तिथे राजा पूर्ण गंभीर असतो, त्याचं राज्य खरंच बुडतंय. म्हणून त्याच्या शेजारच्याने एक तिरकं वाक्य टाकलं की मांडव हसतो. दोघंही चेष्टा करायला लागले की काही उरत नाही. आमचा नियम साधा, प्रत्येक सीनमध्ये निदान एक माणूस असा पाहिजे की ज्याला हे अजिबात विनोदी वाटत नाहीये. एसटीचा कंडक्टर ह्याला उत्तम. तो कोंबड्याचं अर्धं तिकीट की पूर्ण ह्याचा खरोखर विचार करतोय.

भाषेचं सांगतो. पुण्या-मुंबईच्या लोकांना कळणार नाही म्हणून मालवणी पातळ करायला सांगतात. 'वस्त्रहरण' हे मालवणी नाटक १९८० साली रंगमंचावर आलं आणि मालवणी न येणाऱ्यांनी सुद्धा ते वर्षानुवर्षं बघितलं, तेव्हा ती भीती सोडा. फक्त एकाच वाडीतल्या तीन माणसांना तीन बोल्या देऊ नका, संगमेश्वरकडचं बोलणं वेगळं, देवगडचं वेगळं, सावंतवाडीचं अजून वेगळं, इथला माणूस पहिल्या वाक्यात ओळखतो आणि हसतो, पण तुमच्यावर. शिव्यांचं काय करायचं हा प्रश्न येतोच कारण मालवणी माणूस प्रेमाने सुद्धा आवस-बापूस काढतो. यू सर्टिफिकेट हवं असेल तर "मेल्या"वर भागवा. तोंड उघडलं आणि नेमका त्याच क्षणी एसटीचा हॉर्न, हे पण चालतं पण एकदाच.

समुद्र कोणाचं ऐकत नाही

जेटीवरचा एक सीन आम्ही अर्धा सोमवारी सकाळी केला, पाणी पायऱ्यांना लागलेलं, होड्या डुलतायत, एकदम पुस्तकातलं चित्र. उरलेला अर्धा करायला सहा दिवसांनी बरोबर त्याच वेळी गेलो. सगळा चिखल. होड्या कुशीवर कलंडलेल्या आणि मधोमध एक कुत्रा चालतोय. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, सहा दिवसांत पाच तास, म्हणजे भरतीची जवळपास ओहोटी झाली. शिकलेली माणसं आम्ही, वेळ तीच ठेवली आणि खूश होतो.

इथले खलाशी तिथीला पाऊणने गुणतात. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहा. अंदाजच आहे, नक्की वेळेसाठी भरती-ओहोटीचं छापील कोष्टक बघा, पण कॉल शीटवर (रोजच्या शूटिंगचा कागद) तारखेशेजारी तिथी लिहायला लागा. आणि ह्यातून मिळणारी खरी सोय म्हणजे सीन राहिला तर पंधरवड्याने त्याच तिथीला या, शुद्ध पंचमीचा राहिलेला वद्य पंचमीला, पाणी साधारण त्याच वेळी त्याच जागी भेटेल. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी फार वर-खाली होत नाही, मुलांना किनाऱ्यावर घ्यायचं असेल तर ते दिवस बरे आणि सुरक्षित पण.

सूर्य समुद्रात मावळतो हे सगळ्यांना माहीत आहे आणि तरी सगळे संध्याकाळीच किनाऱ्यावर जातात. समुद्र मागे ठेवून चेहरा घ्यायचा असेल तर सकाळी, उजेड डोंगराच्या बाजूने तोंडावर येतो. दुपारनंतर तोच चेहरा काळा, मग रिफ्लेक्टर धरून पोरांच्या डोळ्यांत पाणी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, होड्या वर ओढून झाकलेल्या असतात, तेव्हा मेमध्ये सुरू केलेला सीन जूनमध्ये पुरा होईल असं धरू नका. फणस पण तोवर संपत येतात.

रंगाचं लवकर उरकतो. पुस्तकात चित्रकाराने नायिकेला लाल फ्रॉक दिलेला असतो कारण पांढऱ्या कागदावर लाल उठून दिसतं. इथे माती लाल, चिरा लाल, गडगा लाल, एसटी लाल. पोरगी सापडणार नाही. हिरवा पण नको, वाडीत विरघळतो. आमच्या वेशभूषावाल्या ताईंनी जांभळा काढला, लांबून सुद्धा दिसत होता. सावंतवाडीची लाकडी खेळणी आणि गंजिफा (हाताने रंगवलेले गोल पत्ते) बघून या, चित्रासारखे भडक रंग खऱ्या जगात कसे बसवायचे ते त्या कारागिरांना कळतं.

फणस. खरा मोठा फणस दहा-पंधरा किलो सहज भरतो, नऊ वर्षांच्या पोरीला तो दिवसभर उचलायला लावणं म्हणजे पाप. आतून पोकळ केलेला नकली बनवा, पण एकदम हलका ठेवू नका, हलकी वस्तू उचललेली कळते, खांदा कलत नाही. दोनेक किलो वाळू घाला, तेवढी पुरते. आणि जवळून दाखवायला खरे एकाच आकाराचे पाच-सहा आणून ठेवा, कारण फणस पिकतो, शूटिंगच्या शेड्यूलची वाट बघत नाही, तिसऱ्या दिवशी वास अख्ख्या युनिटला. चिकासाठी खोबरेल. कॅमेरावाल्यांना आधीच सांगा, लेन्सला चीक लागला तर ते रडतात.

मुलं आणि जनावरं ह्यात कायदा आहे आणि तो बरोबर आहे. चौदा वर्षांखालच्या मुलांसाठी २०१६ मध्ये बालकामगार कायद्यात दुरुस्ती झाली, त्यानंतरच्या नियमांप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते (आपल्याकडे जिल्ह्याचं ठिकाण ओरोस, तिथे जायचं), दिवसाला जास्तीत जास्त ५ तास, सलग ३ तासांच्या वर नाही, सलग २७ दिवसांच्या वर नाही, ५ मुलांमागे एक जबाबदार माणूस, आणि मुलाच्या कमाईतले निदान २० टक्के त्याच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. पाच तास म्हणजे तयारी, जेवण, रुसणं धरून हातात तीन येतात असंच शेड्यूल करा. मुलांना संवाद पाठ करायला देऊ नका, पाठ केलेलं पोर स्नेहसंमेलनासारखं बोलतं. गोष्ट सांगा, त्यांना परत सांगायला लावा, त्यांची वाक्यं लिहून घ्या. आमच्याकडे एक पोरगा "मला भूक लागली" ह्या वाक्याऐवजी "आज फणसाची भाजी असणार" एवढंच तोंड पाडून म्हणाला, मी ते जन्मात लिहिलं नसतं.

कोंबडा असो की बकरी, भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी आधी लागते, कार्यालय हरियाणात बल्लभगढला, वेळ जातो, म्हणून पटकथा पक्की झाली की पहिलं काम ते. माकड मात्र विसराच, पुस्तकात कितीही गोड असू दे, अस्वल-वाघासारखंच माकडाकडून काम करून घ्यायला बंदी आहे. सिंधुदुर्ग किंवा विजयदुर्ग किल्ल्यात जायचं असेल तर केंद्राचं पुरातत्त्व खातं. एसटी हवी असेल तर आगारात जाऊन साहेबांना समक्ष भेटा, फोनवर काही होत नाही.

शेवटी परत पोरांकडेच

कच्चं एडिट झालं की शाळेच्या पडवीत नाहीतर कोणाच्या तरी मांगरात (शेतघरात) चादर लावून दाखवा. पाठीमागे नाही बसायचं, पडद्याच्या बाजूला बसायचं, तोंडं दिसली पाहिजेत. कुठल्या मिनिटाला पोर पाणी प्यायला उठतं ते लिहा. एक उठलं तर तहान असेल, तीन उठली तर सीन वाईट आहे. मोठ्यांनी दिलेल्या प्रतिक्रिया नम्रपणे ऐका आणि सोडून द्या.

आमची अर्ध्या तासाची शॉर्टफिल्म अशीच दाखवली तेव्हा सगळं बरं चाललं, हसली, टाळ्या पण झाल्या, आणि मग एक छोटी मुलगी म्हणाली, "बकरी खंय गेली?" पहिल्या सीनमध्ये पडवीच्या खांबाला एक बकरी बांधलेली, पुस्तकाच्या चित्रात होती म्हणून आम्ही पण ठेवलेली, आणि नंतर अख्ख्या सिनेमात नाही. दोन रकान्यांचा नियम करणारे आम्हीच, उजवीकडे बकरी लिहायची राहिली. परत शूट करायला पैसे नव्हते. मग शेवटच्या शॉटमध्ये, सगळे जेवायला बसलेत आणि स्वयंपाकघराचं दार बंद आहे, तिथे आतून फक्त बकरीचा आवाज आणि एक पातेलं पडल्याचा आवाज टाकला. सगळ्यात जास्त हशा आता तिथेच येतो. आवाज रेकॉर्ड करायला शेजारच्या वाडीत गेलो होतो, बकरी दीड तास तोंड उघडेना, आणि निघताना बकरीवाल्या काकींनी पन्नास रुपये मागून घेतले, म्हणाल्या "तिका वरडूक लावलास, फुकट काय?"